मेकॅनिकल व्हॉल्व्ह बसवल्यानंतरचं आयुष्य : गोळी, आयएनआर, इको आणि फॉलोअपची भीती

हृदयातला खराब व्हॉल्व्ह म्हणजे झडप काढून मेकॅनिकल, म्हणजे कृत्रिम, व्हॉल्व्ह बसवायचं ऑपरेशन झालं, टाके वाळले, घरी आलात, आता लोक म्हणतात "झालं एकदाचं, सुटलात". आणि तुम्हाला आतून माहीत असतं की तसं नाहीये, कारण डिस्चार्ज कार्डावर खाली लिहिलेलं असतं, ही रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर, पीटी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी रक्ताची तपासणी) आठवड्याने, इको (हृदयाची सोनोग्राफी) अमुक महिन्यांनी. माझा मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यामधली झडप, बदललेला आहे, लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेला होता त्याने तो खराब झाला, आपल्याकडे तरुण वयात व्हॉल्व्ह बदलावा लागतो त्यातल्या खूप जणांची हीच कथा असते. ऑपरेशनआधी सगळे भरपूर समजावून सांगतात पण नंतरचं कोणी नीट बसवून सांगत नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. तुमच्या डॉक्टरांनी तुमच्यापुरतं काही वेगळं सांगितलं असेल तर तेच धरून चाला, कारण तुमचं हृदय त्यांनी बघितलंय.

आधी एकच गोष्ट सांगते, पुढे परत परत येणार आहे. कुठल्याही रिपोर्टमधला एकटा आकडा काहीच सांगत नाही. त्याच्यामागे काय चाललं होतं, आणि मागच्या वेळी तो किती होता, हे दोन्ही शेजारी ठेवलं की मगच त्याचा अर्थ लागतो. म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही घाला.

पायरी १ : तुमच्यात नक्की काय बसवलंय ते माहीत करून घ्या

डिस्चार्जच्या वेळी एक छोटं कार्ड मिळतं, त्यावर व्हॉल्व्हचं नाव, साइज, सिरीयल नंबर, कुठल्या जागी बसवलाय आणि ऑपरेशनची तारीख असते. खूप लोक ते फाईलच्या तळाशी टाकून विसरतात. तसं करू नका, त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, घरातल्या अजून एकाच्या मोबाईलमध्ये ठेवा, आणि एक झेरॉक्स पाकिटात. कार्ड मिळालंच नसेल तर डिस्चार्ज समरी किंवा ऑपरेशन नोट्समध्ये ही माहिती असते, हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात अर्ज करून मिळते.

जागा का महत्त्वाची, तर मायट्रलच्या जागी रक्ताचा वेग कमी असतो म्हणून गुठळी होण्याचा धोका जास्त, तिथे रक्त थोडं जास्त पातळ ठेवावं लागतं, एओर्टिकच्या जागी, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त जातं त्या दारात, त्यापेक्षा कमी चालतं. प्रकारही बघा. बहुतेकांना दोन पानांचा, पायरोलिटिक कार्बनचा व्हॉल्व्ह असतो. आपल्या देशात बनलेला चित्रा व्हॉल्व्ह, तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने विकसित केलेला, तो एका तिरक्या चकतीचा असतो, १९९० पासून वापरात आहे आणि सरकारी हॉस्पिटलांमध्ये तो भरपूर बसवला जातो. शेजारच्या काकूंचा आणि तुमचा व्हॉल्व्ह वेगळा असेल तर त्यांचा आयएनआर आणि त्यांची इको तुमच्याशी ताडून बघण्यात काही अर्थ नाही.

आणि तो आवाज. रात्री शांततेत टिकटिक ऐकू येते, तोंड उघडलं की जास्त येते, पहिल्या काही महिन्यांत झोप उडते. उशीवर कुशी बदलून, पंखा लावून, हळू आवाजात रेडिओ लावून बहुतेकांना सवय होते. पण हा आवाज ओळखीचा करून ठेवा, कारण तो अचानक दबला किंवा बंद झाला तर ती धोक्याची खूण असते. शेवटी त्यावर लिहिते.

पायरी २ : गोळीची शिस्त

आपल्याकडे बहुतेकांना अ‍ॅसिट्रोम म्हणजे असिनोकुमारॉल देतात, काहींना वॉर्फ म्हणजे वॉर्फरिन. दोन्ही व्हिटॅमिन के चं काम अडवून रक्त गोठणं लांबवतात, पण दोन्हींचे मिलिग्रॅम सारखे नाहीत. ३ मिलिग्रॅम अ‍ॅसिट्रोम म्हणजे ३ मिलिग्रॅम वॉर्फ असं अजिबात नाही. मेडिकलवाला म्हणाला "ती संपली, ही पण रक्त पातळ करायचीच आहे" तर घेऊ नका, पुढच्या दुकानात जा.

हल्ली जाहिराती आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येतं की नवीन गोळ्या आल्यात ज्यात तपासणीच लागत नाही. त्या खऱ्या आहेत, पण मेकॅनिकल व्हॉल्व्हवाल्यांसाठी नाहीत. डॅबिगॅट्रान मेकॅनिकल व्हॉल्व्हवर वापरून बघितलं होतं, तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला कारण गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही जास्त, त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. नंतर एपिक्साबानचाही प्रयत्न झाला, तोही आधीच थांबवावा लागला. दुसऱ्या गावात नव्या डॉक्टरांनी सद्भावनेने बदलून दिली तरी आधी तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा.

गोळी संध्याकाळी घ्या, रोज एकाच वेळी. संध्याकाळीच का, तर सकाळी रक्त दिलं की दुपारपर्यंत रिपोर्ट येतो आणि डोस बदलायचा असेल तर त्याच दिवशी बदलता येतो. रात्रीच्या जेवणाशी जोडून टाका किंवा मोबाईलला अलार्म लावा. दिवसाआड वेगळा डोस असेल, म्हणजे एक दिवस २ आणि एक दिवस ३, तर कॅलेंडरवर महिन्याचे सगळे आकडे आधीच लिहून ठेवा आणि घेतली की खूण करा, "काल किती घेतली" हा प्रश्न डोक्यावर सोडू नका. वेगवेगळ्या ताकदीच्या पट्ट्या घरात असतील तर त्या वेगळ्या डब्यांत.

विसरलात तर? त्याच दिवशी मध्यरात्रीच्या आत आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर गेली ती गेली, नेहमीचा डोस घ्या, दुप्पट घेऊ नका, आणि वहीत लिहा. मायट्रल व्हॉल्व्ह असेल आणि लागोपाठ दोन दिवस चुकलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा, असिनोकुमारॉल शरीरातून लवकर निघून जातं.

प्रवासाला, लग्नाला, वारीला जाताना जेवढे दिवस आहेत त्यापेक्षा आठवडाभराच्या गोळ्या जास्त न्या आणि त्या हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या बॅगेत नाही. अगदी लहान गावात ही गोळी प्रत्येक मेडिकलमध्ये मिळेलच असं नसतं.

पायरी ३ : पीटी आयएनआर

इथे जरा थांबते कारण आपलं निम्मं आयुष्य या आकड्याभोवती फिरतं.

गोळी न घेणाऱ्या माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. आपल्याला साधारणपणे एओर्टिक व्हॉल्व्हला २ ते ३ आणि मायट्रलला २.५ ते ३.५ सांगतात, हृदयाचे ठोके अनियमित असतील किंवा आधी गुठळी झाली असेल तर डॉक्टर यात फरक करतात. तुमची रेंज फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या, कारण लॅबच्या रिपोर्टवर "नॉर्मल ०.८ ते १.२" असं काहीतरी छापलेलं असतं आणि त्याच्यासमोर तुमचा २.९ ठळक अक्षरात किंवा बाणासकट येतो. ज्यांना माहीत नाही ते घाबरतात, आणि कधी कधी एखादा नातेवाईक "खूप वाढलंय" म्हणून गोळी बंद करायला लावतो. तो बाण तुमच्यासाठी नाहीये. २.९ म्हणजे तुमचं औषध नीट काम करतंय.

टेस्ट करताना काही गोष्टी बघा. रक्त निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात, त्यात सायट्रेट असतं, आणि ट्यूब खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, अर्धी भरली तर रक्त आणि सायट्रेटचं प्रमाण बिघडतं आणि आकडा खोटा येतो. शीर सापडत नाही म्हणून थोड्याच रक्तावर भागवत असतील तर नम्रपणे सांगा की पुन्हा घ्या. उपाशीपोटी जायची गरज नसते. सुई काढल्यावर कापूस धरून चार-पाच मिनिटं दाबा, हात कोपरात दुमडून नुसतं बसून राहिलात तर उलट काळंनिळं होतं.

शक्यतो लॅब एकच ठेवा. प्रत्येक लॅबचं केमिकल वेगळं, त्यामुळे थोडा फरक पडू शकतो, आणि तीन लॅबचे तीन आकडे एकत्र ठेवले तर खरंच वाढलं का लॅब बदलली म्हणून वाढलं हे कळत नाही. आकडा अगदीच अनपेक्षित आला, म्हणजे महिनोन्महिने ३ च्या आसपास असताना एकदम ७ किंवा एकदम १.१, आणि मधे काहीच घडलेलं नसेल, तर डॉक्टर बहुतेक वेळा पुन्हा सॅम्पल द्यायला सांगतात. बोटाला टोचून घरच्या घरी बघायचं मशीनही मिळतं, पण त्याच्या पट्ट्या महाग पडतात, ज्यांना लॅब लांब आहे त्यांनी विचार करावा, आणि घेतलंत तर सुरुवातीला एकाच दिवशी मशीन आणि लॅब दोन्ही करून ताडून बघा.

किती वेळा करायची? ऑपरेशननंतर लगेच काही दिवसांच्या अंतराने, मग आठवड्याला, मग स्थिर झालं की महिन्याला. डोस बदलला, नवीन औषध सुरू झालं किंवा बंद झालं, आजारी पडलात, तर वाट न बघता मधेच. डोस बदलल्यावर दुसऱ्याच दिवशी टेस्ट करून उपयोग नसतो, परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात, वॉर्फरिनला त्याहून जास्त.

आता वही. प्रत्येक टेस्टला एक ओळ : तारीख, आयएनआर, मागच्या आठवड्याचा एकूण डोस, आणि मधे काय घडलं. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच लोक रिकामा सोडतात. "३ दिवस जुलाब, अँटिबायोटिक घेतलं", "एक गोळी चुकली", "उपवास". डॉक्टरांसमोर ही वही ठेवली तर ते एका नजरेत ठरवतात की डोस बदलायचा का नुसतं थांबून पुन्हा बघायचं. मी तर म्हणेन फाईल घरी विसरली तरी चालेल, वही विसरू नका.

आकडा रेंजच्या थोडा बाहेर गेला म्हणून स्वतःच्या मनाने गोळी वाढवू किंवा थांबवू नका. ३.८ आला म्हणून घाबरून तीन दिवस गोळी सोडली की १.४ वर येतो, मग परत वाढवा, परत पाडा, हा झोपाळा एकदा सुरू झाला की महिने जातात. फोन करा, ते सांगतील तेवढंच करा. मात्र आकडा ५ च्या वर असेल तर, किंवा कितीही असला तरी कुठून रक्त येत असेल तर, तो फोन त्याच दिवशी झाला पाहिजे.

पायरी ४ : आकडा कशाने हलतो

सगळ्यात जास्त गैरसमज जेवणाबद्दल. "पालक बंद, मेथी बंद, कोबी बंद" असा कागद हातात देतात आणि माणूस आयुष्यभर बटाट्यावर येतो. हिरव्या पालेभाज्यांत व्हिटॅमिन के असतं हे खरं, पालक, मेथी, माठ, अळू, शेवग्याचा पाला, कोबी, पण त्या बंद करायच्या नसतात, त्यांचं प्रमाण साधारण सारखं ठेवायचं असतं. तुम्ही आठवड्यातून दोनदा पालेभाजी खात असाल तर दोनदाच खा, डोस त्याप्रमाणे बसवला जातो. गडबड बदलाने होते. हिवाळ्यात मेथी, पालक, हरभऱ्याची भाजी स्वस्त होते आणि घरात रोज तीच शिजते, आयएनआर खाली येतो. पावसाळ्यात टाकळ्यासारख्या रानभाज्या येतात, तेव्हा पण. आणि नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा आणि वरईवर राहिलात की उलट वर जातो. उपवास करायचाच असेल तर आधी विचारा आणि नंतर टेस्ट करा. वरून पेरलेल्या कोथिंबिरीने काही होत नाही, तेवढ्यासाठी पोह्यांची चव घालवू नका.

दारूने आकडा दोन्हीकडे हलतो आणि तोल जाऊन पडण्याचा धोका वेगळाच.

जेवणापेक्षा मोठा धोका औषधांचा आहे, आणि तो मेडिकलच्या काउंटरवरून सुरू होतो. जुलाबावर जी मेट्रोनिडाझोल किंवा ऑर्निडाझोलवाली गोळी सर्रास मिळते ती आयएनआर चांगलाच वाढवते. फंगसवरची फ्लुकोनाझोल, बरीचशी अँटिबायोटिक्स, ठोक्यांवरची अमिओडेरॉन हीसुद्धा. तोंडातल्या छाल्यांवर लावायचं मायकोनाझोलचं जेल, लोकांना वाटतं नुसतं लावायचं तर आहे, पण त्यानेही वाढतो. टीबीची रिफॅम्पिसिन उलट, ती आयएनआर इतका पाडते की गोळीचा डोस कितीतरी वाढवावा लागतो, आणि खरा धोका टीबीचा कोर्स संपल्यावर असतो, कारण रिफॅम्पिसिन बंद झाली की वाढवलेला डोस पुढच्या काही आठवड्यांत डोईजड होतो. टीबी सेंटर आणि हृदयाचे डॉक्टर दोघांना एकमेकांबद्दल तुम्हीच सांगा. फिटच्या काही गोळ्यांनीही आकडा खाली येतो.

दुखण्यावर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक असल्या गोळ्या नकोत, त्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल चालते, पण तीही रोज भरपूर आठवडाभर घेतली तर आकडा वाढतो, म्हणून कळवा. गुडघ्याला, पाठीला रोज चोळायचा तीव्र वासाचा बाम असतो ना, त्यातलं सॅलिसिलेट कातडीतून आत जातं, मोठ्या भागावर रोज चोळत असाल तर तेही सांगा. आयुर्वेदिक काढे, हळदीच्या कॅप्सूल, प्रोटीन पावडर, मल्टिव्हिटॅमिन, सगळं सांगा, बऱ्याच मल्टिव्हिटॅमिनमध्ये व्हिटॅमिन के असतं. स्वयंपाकातली हळद नेहमीसारखी वापरा.

आजारपणातही तेच. ताप, उलट्या, जुलाब, कावीळ, जेवण तुटणं, या सगळ्यात आयएनआर वाढतो. पावसाळ्यात डेंग्यूकडे खास लक्ष द्या. डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात आणि आपलं रक्त आधीच पातळ, त्यामुळे ताप आला की सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि आयएनआर एकदमच करून घ्या आणि कार्डिऑलॉजिस्टना कळवा, गोळीचं काय करायचं ते तेच ठरवतील. साधा डेंग्यू घरी बरा होतो हे इतरांसाठी ठीक आहे.

पायरी ५ : इकोची टेबल

आयएनआरची सवय होते, पण इकोची तारीख जवळ आली की आठवडाभर आधीपासून झोप लागत नाही. टेबलवर डाव्या कुशीवर झोपायचं, थंड जेल, खोलीत अंधार, आणि टेक्निशियन किंवा डॉक्टर स्क्रीनकडे बघत गप्प. ती शांतता फार खाते. एवढं लक्षात ठेवा की ते मोजमाप घेत असतात, प्रत्येक कोनातून, आणि मेटलच्या व्हॉल्व्हमुळे मागे सावली पडते म्हणून आपल्याला जास्त वेळ लागतो. जास्त वेळ लागला म्हणजे काहीतरी सापडलं असं नसतं.

ऑपरेशननंतर साधारण दीड ते तीन महिन्यांत जी इको होते ती आयुष्यभराची आधारभूत इको, तिची झेरॉक्स जपून ठेवा, शक्य असेल तर सीडीही. पुढची प्रत्येक इको तिच्याशी ताडली जाते. त्यानंतर बरेच डॉक्टर वर्षातून एकदा करतात, त्रास असेल तर केव्हाही.

रिपोर्टमध्ये काय बघायचं? मीन ग्रेडियंट, म्हणजे व्हॉल्व्हच्या अलीकडे-पलीकडे दाबाचा फरक. मायट्रल मेकॅनिकलला साधारण ५ च्या आसपास किंवा खाली, एओर्टिकला २० च्या खाली असला तर बरं मानतात, व्हॉल्व्हच्या साइजप्रमाणे थोडं इकडेतिकडे. पण मी सुरुवातीला म्हटलं तसं, एकटा आकडा नाही. मायट्रलचा ग्रेडियंट ठोक्यांवर खूप अवलंबून असतो. तुम्ही जिना चढून धापा टाकत आलात, घाबरलेल्या आहात, हिमोग्लोबिन कमी आहे, ताप आहे, ठोके ११० वर आहेत, तर त्याच व्हॉल्व्हचा ग्रेडियंट ७-८ दिसू शकतो आणि ठोके ७० असताना ४. म्हणून रिपोर्टवर ग्रेडियंटच्या शेजारी हार्ट रेट लिहिलाय का बघा, नसेल तर लिहायला सांगा. जरा आधी पोचा, बसा, पाणी प्या, श्वास खाली बसू द्या, आणि सकाळच्या ठोक्यांच्या गोळ्या चुकवू नका.

"ट्रिव्हियल लीक" किंवा "वॉशिंग जेट" असं वाचून घाबरू नका. दोन पानांच्या व्हॉल्व्हमध्ये थोडं रक्त मागे येईल अशी रचना मुद्दाम केलेली असते, म्हणजे बिजागऱ्या धुतल्या जातात आणि तिथे गुठळी साचत नाही. वेगळी गोष्ट "पॅराव्हॉल्व्ह्युलर लीक" ची, म्हणजे व्हॉल्व्हच्या बाहेरून, टाक्यांच्या कडेने होणारी गळती. तीही थोडी असेल तर नुसती लक्ष ठेवून चालते. मोठी असेल तर रक्तपेशी फुटतात, हिमोग्लोबिन उतरतं, डोळे पिवळसर, लघवी कोकसारखी गडद. तेव्हा डॉक्टर एलडीएच वगैरे रक्ताच्या तपासण्या सांगतात.

बाकी, ईएफ म्हणजे पंप किती जोरात चालतोय, आणि फुफ्फुसातल्या रक्ताचा दाब, जो मायट्रलवाल्यांचा ऑपरेशनआधी वाढलेला असतो आणि नंतर हळूहळू उतरतो. डावा कप्पा मोठा आहे असं वर्षानुवर्षं लिहून येतं, तो पूर्ववत होईलच असं नाही, दर वेळी त्याचं नव्याने टेन्शन घेऊ नका.

पायरी ६ : इकोच्या पुढच्या तपासण्या

साध्या इकोत नीट दिसलं नाही तर डॉक्टर "सिने" सांगतात. ही सगळ्यात सोपी. एक्स-रेच्या मशीनखाली झोपवून व्हॉल्व्हची पानं हलताना बघतात, उघडतायत का, पूर्ण मिटतायत का. ना सुई, ना रंगद्रव्याचं (डाय) इंजेक्शन, काही मिनिटांचं काम.

दुसरी टीईई, अन्ननलिकेतून इको. नावानेच पोटात गोळा येतो. आधी साधारण सहा तास उपाशी, घशात बधिर करणारा स्प्रे, हलकी गुंगी, आणि बोटाएवढी नळी गिळायची. पहिला अर्धा मिनिट कठीण, उमाळे येतात, नंतर नाकाने संथ श्वास घेत राहिलात तर जमतं. गुंगी दिली तर त्या दिवशी गाडी चालवू नका, कोणालातरी सोबत न्या. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत दोनेक तास काही खायचं-प्यायचं नाही, चहाचा मोह आवरा. दात हलत असेल, कवळी असेल, गिळायला त्रास असेल तर आधी सांगा. साधारणपणे या तपासणीसाठी अ‍ॅसिट्रोम बंद करावी लागत नाही, कोणी बंद करायला सांगितलंच तर तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

एमआरआय करता येतो. "मेटल आहे, होणार नाही" असं काउंटरवर सांगतात तेव्हा ते कार्ड दाखवा, आताचे मेकॅनिकल व्हॉल्व्ह एमआरआयला चालतात. एअरपोर्टच्या मशीननेही काही होत नाही.

पायरी ७ : दात, ताप आणि दुसरी ऑपरेशनं

व्हॉल्व्हवर जंतू बसले तर तो फार गंभीर आजार, आणि ते बऱ्याचदा तोंडातून येतात. मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, सहा महिन्यांनी डेंटिस्ट. दात काढणं, रूट कॅनल, हिरड्यांची साफसफाई यांच्या अर्धा ते एक तास आधी अँटिबायोटिकचा एक डोस लागतो, मोठ्या माणसाला बहुतेक वेळा अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर दुसरं. सांध्यांच्या तापासाठी जे दर तीन आठवड्यांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन असतं ते वेगळं, व्हॉल्व्ह बदलला म्हणून ते आपोआप बंद होत नाही आणि ते चालू आहे म्हणून दातांचा डोस चुकवायचा नाही. रक्त पातळ असताना दंडात-कमरेत इंजेक्शन घेतलं की गाठ येऊ शकते, म्हणून सुईच्या जागी बराच वेळ दाबून धरा, किंवा गोळ्यांचा पर्याय आहे का विचारा.

साधा एक दात काढायला गोळी बंद करायची सहसा गरज नसते, आदल्या दिवशीचा आयएनआर रेंजमध्ये हवा आणि डेंटिस्टला माहीत हवं. मोठ्या ऑपरेशनसाठी गोळी काही दिवस थांबवून मधल्या काळात हेपरिनची, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी, इंजेक्शनं देतात. कुठल्या दिवशी काय बंद, काय सुरू, हे तारखेनिशी लेखी घ्या. "चार-पाच दिवस आधीपासून बंद करा" एवढ्या तोंडी निरोपावर गोळी थांबवू नका.

आणि ताप. कारण न सापडणारा ताप दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला, थंडी वाजतेय, घाम येतोय, तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी. हे वाक्य घरातल्या सगळ्यांना पाठ करून द्या. आधी अँटिबायोटिक घेतलं की जंतू कल्चरमध्ये उगवत नाहीत, आणि मग नक्की कोणाशी लढायचंय हेच कळत नाही.

बायकांसाठी

पाळीत रक्तस्राव खूप वाढतो, आणि बऱ्याच जणी लाजून हृदयाच्या डॉक्टरांना सांगतच नाहीत. सांगा. त्यावर उपाय आहेत, आणि हिमोग्लोबिन ७-८ वर घेऊन फिरलं तर दम व्हॉल्व्हमुळे लागतोय का अ‍ॅनिमियामुळे हेच कळत नाही.

मूल हवं असेल तर आधी भेट घ्या, दिवस राहिल्यावर नाही. ही गोळी बाळाला त्रास देऊ शकते, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, आणि गोळी सोडली तर आईच्या व्हॉल्व्हवर गुठळी होऊ शकते, दोन्हीकडे खरा धोका आहे. किती डोस लागतो त्यावर पुढचा प्लॅन ठरतो. पाळी चुकली तर त्याच आठवड्यात टेस्ट करा आणि डॉक्टरांना कळवा, पण घाबरून स्वतःहून गोळी बंद करू नका. सासरच्यांना हे सगळं समजावून सांगायला जड जात असेल तर नवऱ्याला आणि सासूला सोबत ओपीडीत न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की फरक पडतो. गर्भनिरोधक गोळ्याही मनाने घेऊ नका, काहींनी गुठळीचा धोका वाढतो.

केव्हा थांबायचं नाही

टिकटिक अचानक दबली किंवा ऐकूच येईना, आणि सोबत दम, झोपल्यावर गुदमरणं, चक्कर. तोंड वाकडं होणं, एका हातातली ताकद जाणं, बोबडं बोलणं, मग ते पाच मिनिटांत बरं झालं तरी. डोक्याला मार, जरी बाहेरून काही दिसत नसलं तरी, आपल्याला आतला रक्तस्राव उशिरा कळतो म्हणून सीटी स्कॅन लागतो. काळी डांबरासारखी शौच, लघवीत रक्त, नाकाचं रक्त पंधरा-वीस मिनिटं दाबूनही न थांबणं. यातलं काहीही झालं तर सकाळची ओपीडी उघडायची वाट बघू नका. महाराष्ट्रात १०८ लावा आणि फोनवर पहिलं वाक्य हेच सांगा, "हृदयात मेकॅनिकल व्हॉल्व्ह आहे, अ‍ॅसिट्रोम चालू आहे". लकवा वाटत असेल तर किती वाजता सुरू झालं ते घड्याळ बघून लिहून ठेवा, पुढचे उपचार त्या वेळेवर ठरतात. व्हॉल्व्हवर गुठळी झाली तरी ती विरघळवणारं औषध असतं, ऑपरेशन असतं, पण ते वेळेत पोचलेल्यांसाठी. म्हणून घरात अजून एकाला ही यादी माहीत पाहिजे, कारण बोबडं बोलणाऱ्याला स्वतःला ते कळत नाही.

फॉलोअपच्या आदल्या दिवशी

आयएनआर एक-दोन दिवस आधीच करून घ्या म्हणजे रिपोर्ट हातात असतो. पिशवीत वही, व्हॉल्व्हचं कार्ड, पहिली इको, मागची इको, चालू गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. सरकारी हॉस्पिटलात ओपीडीला दोन मिनिटं मिळतात, म्हणून तीनच प्रश्न लिहून न्या आणि सगळ्यात महत्त्वाचा पहिला. माझे नेहमीचे असे असतात : मागच्या इकोपेक्षा काय बदललंय, माझी आयएनआर रेंज तीच ठेवायची का, आणि पुढची तपासणी कधी. उत्तर तिथेच वहीत लिहा, किंवा सोबतच्याला लिहायला सांगा, कारण आत घाबरल्यामुळे निम्मं ऐकू येत नाही.

रिपोर्ट रात्री मोबाईलवर आला आणि डॉक्टर सकाळी भेटणार असतील तर एकेक शब्द शोधत बसू नका. मागचा रिपोर्ट काढा, दोन्ही शेजारी ठेवा, काय बदललंय तेवढ्यावर खूण करा आणि तो कागद पिशवीत टाका. तरीही महिनोन्महिने झोप नसेल, प्रत्येक ठोका मोजत बसत असाल, रडू येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा, छाती उघडून झालेल्या ऑपरेशननंतर असं खूप जणांना होतं आणि त्यावर औषध, समुपदेशन दोन्ही मिळतं. फक्त मनाच्या डॉक्टरांनाही पहिल्यांदा अ‍ॅसिट्रोमचं सांगा, काही नैराश्याच्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो, आणि ती गोळी सुरू झाली की पाच-सात दिवसांनी एक आयएनआर करून वहीत चौथ्या रकान्यात तिचं नाव लिहा.